ऑयलरचं विधान आणि बावीस ओळींचा चौकोन

"सर, सगळ्या मूळ संख्या विषम असतात!" आठवीतली एक मुलगी म्हणाली. फळ्यावर ३ पासून ४७ पर्यंतच्या मूळ संख्या होत्या, त्यामुळे तिचं काही चुकलं असं वर्गाला वाटेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मग २?"

‘सगळ्या’ असं म्हणणारं विधान पाडायला असं एकच प्रत्युदाहरण पुरतं. त्याच्या बाजूनं मात्र कितीही उदाहरणं दिली तरी ते सिद्ध होत नाही. ही चूक मुलंच करतात असं नाही.

खालची मांडणी पाहा.

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक अक्षर एकदाच, प्रत्येक अंकही एकदाच. आणि नऊच्या नऊ जोड्या वेगळ्या. चार किंवा पाच ओळींचाही असा चौकोन करता येतो. (पत्ते घेऊन चार ओळींचा वर्गात जरूर करून घ्या. तास कसा जातो कळत नाही.) दोन ओळींचा होत नाही, हे लगेच दिसतं. सहा पलटणींतल्या सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांना असं उभं करणं ऑयलरला जमेना. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यानं अंदाज मांडला: २, ६, १०, १४, १८, २२... अशा कोणत्याच संख्येसाठी हे शक्य नाही. १९०० साली गास्तों तारी यानं सगळ्या शक्यता तपासून सहाचा चौकोन होत नाही हे दाखवलं. मग ऑयलरवरचा विश्वास वाढला, पण तपासली गेली होती फक्त सहाची गोष्ट!

१९५९ साली अमेरिकेत राज चंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२ ओळींचा चौकोन रचून दाखवला. हेच श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी १० ओळींचा रचला. १७७ वर्षांचा अंदाज संपला. असं प्रत्युदाहरण कोणालाही पडताळता येतं: ओळी तपासायच्या, जोड्या मोजायच्या. ऑयलरच्या मोठेपणाचा तिथे प्रश्नच येत नाही.

पण तिघे तिथे थांबले नाहीत. अंदाज नेमका किती चुकला, हे त्यांना हवं होतं. १९६० साली त्यांनी सिद्ध केलं की २ आणि ६ सोडून ऑयलरच्या यादीतल्या प्रत्येक संख्येसाठी असा चौकोन होतो.

आमच्या वर्गातल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं होतं: ‘२ सोडून सगळ्या मूळ संख्या विषम असतात, कारण २ पेक्षा मोठ्या सम संख्येला २ नं भाग जातोच.’