जीज बेंडच्या गोधड्या

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. तीन बाजूंनी नदी. इथल्या कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज आजही इथेच राहतात आणि मळेमालकाचं पेटवे हे आडनाव कितीतरी घरांना अजून आहे. 1932 साली एका व्यापाऱ्याच्या विधवेनं उधारीपोटी घराघरांतून जनावरं, अवजारं, धान्य उचलून नेलं.

अशा हलाखीत थंडीपासून बचावासाठी इथल्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. त्यातल्या एका गोधडीवर माझा फार जीव आहे. मिसूरी पेटवे यांचा नवरा वारला. त्यांनी लेकीला हाताशी घेतलं, नवऱ्याचे कामाचे कपडे फाडले आणि 1942 साली गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून!

साठच्या दशकात गावकरी मतदार नोंदणीसाठी नदीपार जाऊ लागले, तर त्यांना अडवायला 1962 साली नदीवरची फेरीबोटच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली 2006 मध्ये. तोवर या बायकांनी 1966 साली स्वतःची शिवणकामाची सहकारी संस्था काढली होती आणि 2002 मध्ये त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या होत्या.

मिसूरी यांच्या त्या गोधडीचा फोटो नक्की शोधून बघा.