सकाळची सभा

पुण्याच्या वाड्यांमध्ये एकेकाळी सकाळी घड्याळाकडे बघावं लागत नसे. भिंतीपलीकडे संस्कृत बातम्या लागल्या म्हणजे सात वाजायला पाच मिनिटं आहेत. मुलांना अंथरुणातून ओढायची ही शेवटची संधी. पुण्याच्या प्रादेशिक बातम्या संपेपर्यंत डबे भरलेले हवेत. साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या सुरू झाल्या आणि घरातला नोकरदार अजून घरातच दिसला, तर शेजारचे काका विचारणार, "काय, आज रजा वाटतं?" आपल्याकडे रेडिओ नसला तरी काही अडत नसे. एकाने लावला की साऱ्या वाड्याला वेळ कळे.

या आवाजाचा पत्ता शिवाजीनगर. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. स्टुडिओ शिवाजीनगरात, पण प्रक्षेपक थेट हडपसरला, सोलापूर रस्त्यावर. मध्यम लहरींचा मनोरा हाच अँटेना असतो. त्याला भोवती मोकळी जमीन लागते आणि जमिनीखाली तांब्याच्या तारांचं जाळं अंथरावं लागतं. ही चैन शहराच्या मध्यात परवडणारी नव्हती. हडपसरच्या बसथांब्याचं नावच 'आकाशवाणी' पडलंय. तिथे उतरून कलावंत शोधणाऱ्याची मात्र निराशा होईल. ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण ३७९ मीटरची लहर, १०० किलोवॅटची ताकद. एफएमचा आवाज स्वच्छ, पण शहराच्या आसपासच विरतो. ही लहर शेजारच्या जिल्ह्यांतल्या वस्त्यांवरही पोचते. पावसाळ्यात वीज चमकली की खरखरते, घरात कुणी मिक्सर लावला तरी खरखरते, पण पोचते.

आकाशवाणीत दिवसाचे तीन भाग असतात: पहिली, दुसरी आणि तिसरी सभा. सकाळची ती पहिली. तिची सुरुवात ठरलेली. आधी ती ओळखीची संकेतधून. वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने ती मुंबई केंद्रावर असताना बांधली. नाझींच्या छायेतला युरोप सोडून तो भारतात आला होता. शिवरंजनीच्या सुरांवर चालणारी ही धून पहाटे झोपेत ऐकणाऱ्या लाखो लोकांना ती एका निर्वासिताने केली आहे हे कधी सांगितलं गेलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मग वंदे मातरम्, मंगलवाद्य, भक्तिगीतं. पुढे चिंतन, आरोग्याचा किंवा शेतीचा सल्ला, आणि मधूनमधून निवेदकाने सांगितलेली वेळ. बातम्या या साऱ्याच्या मधोमध असतात. नामस्मरण, कांद्यावरचा करपा, महापालिकेचा अर्थसंकल्प आणि नाट्यगीत अर्ध्या-पाऊण तासात एकामागून एक येतं आणि कुणालाही ते विचित्र वाटत नाही. वर्तमानपत्रात आपण नको ते पान उलटतो. रेडिओवर पान उलटता येत नसल्यामुळे शहरातल्या कारकुनाच्याही कानावर करपा पडतो.

बातमीपत्र दहा मिनिटांचं. दहा मिनिटं म्हणजे सावकाश, स्पष्ट वाचलेले हजार-बाराशे शब्द. हा लेख मोठ्याने वाचला तर जवळपास तेवढाच वेळ लागेल. तेवढ्यात मंत्रालय, विद्यापीठ, बाजार समिती, पाऊस, अपघात आणि क्रिकेट बसवायचं. जिल्ह्याजिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर असतात. त्यांनी पाठवलेल्या मजकुरातून रात्रपाळीचा संपादक बातम्या निवडतो आणि त्या पुन्हा लिहून काढतो. पुन्हा लिहावं लागतं, कारण कानासाठीचं मराठी वेगळं असतं. छापील वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये चार पोटवाक्यं घुसवली तरी डोळा मागे जाऊन शोधतो. कानाला मागे जाता येत नाही. म्हणून वाक्य आखूड. म्हणून कोण म्हणालं ते आधी आणि काय म्हणालं ते नंतर. आकडा आलाच तर एका वाक्यात एकच, आणि तोही शक्यतो ढोबळ. जोडाक्षरांची रांग असलेला सरकारी शब्द वाचणाऱ्याच्या जिभेवर अडखळणार असेल, तर संपादकाने तो आधीच बदलायचा. आकाशवाणीवर एकेकाळी धीम्या गतीच्या बातम्याही असत, छोट्या वर्तमानपत्रांना उतरवून घेता याव्यात म्हणून. त्या ऐकताना वाक्य किती लांब असावं याचा धडा आपोआप मिळे. मराठी पत्रकारितेच्या वर्गांत हा धडा अजूनही सक्तीचा करावा, असं माझं मत आहे.

पुण्याच्या या बातम्यांचा आवाज म्हटलं की एका पिढीला सुधा नरवणे यांचंच नाव आठवतं. नावानिशी स्वतःची ओळख करून द्यायची आणि लगेच ठळक बातम्यांकडे वळायचं. ना स्वरात नाट्य, ना बातमीवर मत. निवडणुकीचा निकाल आणि नळाला पाणी येणार नसल्याची सूचना त्या सारख्याच गांभीर्याने वाचत. नळाचं पाणी ज्यांना हवं असे त्यांच्या दृष्टीने हा न्याय बरोबरच होता. डिसेंबर २०१९मध्ये त्यांचे चिरंजीव मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. देशाने त्यांना जनरल म्हणून ओळखलं, पुण्यातल्या जुन्या श्रोत्यांची प्रतिक्रिया वेगळी होती: "म्हणजे आपल्या सुधाताईंचा मुलगा."

बातम्यांपलीकडे या सभेने काय केलं, तर एका वर्षी तिने शहराचा आठवडाच बदलला. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. त्या दिवशी सकाळी पावणेनऊला 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, आणि केंद्रावर हा उपक्रम रेटणारे सीताकांत लाड. पहिल्या गाण्याचा कागद ऐनवेळी हरवला, तेव्हा लाडांनी गदिमांना खोलीत बंद करून ते पुन्हा लिहून घेतलं, अशी आठवण सांगितली जाते. दर शुक्रवारी नवं गाणं, शनिवार-रविवारी त्याचीच पुनरावृत्ती. बेत वर्षभराचा, म्हणजे ५२ गाण्यांचा होता; पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि रामनवमी लांबली. मग गाणीही वाढवावी लागली. ती झाली ५६. समारोप १९ एप्रिल १९५६ रोजी, पुन्हा रामनवमीलाच. पंचांगाने नभोवाणीच्या वेळापत्रकावर केलेली ही कुरघोडी मला फार आवडते. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरं होती. पण त्या वर्षातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट भक्तीची नाही. ताजं काव्य, ताजी चाल, आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशी गाणारी मंडळी, हे सारं ऑफिसला निघायच्या घाईच्या वेळेत ठेवण्याचं धाडस कुणीतरी केलं. कलेची वेळ संध्याकाळची, हा समज त्या पावणेनऊच्या पंधरा मिनिटांनी मोडला.

तेव्हा केंद्रावर माणसंही तशी होती. ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर, नाट्यविभागाच्या आसपास पु. ल. देशपांडे, मुलांसाठी गोपीनाथ तळवलकर. १९५६मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने याच केंद्राने पुणे, नाशिक, कोल्हापूर वगैरे पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं बसवली. लोकांनी एकत्र ऐकायचं, चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. ते कार्यक्रम सकाळचे नव्हते, तरी श्रोत्याने उलट बोलावं ही खोड या केंद्राला तिथूनच लागली असावी. पुणेकरांना ती लावावी लागली नाही. उच्चार चुकला, वेळ चुकीची सांगितली, रागाचं नाव चुकलं, की ड्यूटी रूमचा फोन वाजतो. ड्यूटी ऑफिसरच्या नोंदवहीत प्रक्षेपणातली प्रत्येक चूक लिहिली जाते आणि बैठकीत तिच्यावर बोललं जातं. कुणाच्या तक्रारीला असा कायमचा कागद मिळणं या शहरात दुर्मीळच.

आता सकाळी गाडीत बसलं की खाजगी एफएमची गर्दी असते. तिथले निवेदक हुशार आहेत, चांदणी चौकातली कोंडी ते आकाशवाणीच्या आधी सांगतात. पण ते बातम्या देत नाहीत, कारण त्यांना तशी परवानगीच नाही. २०११च्या धोरणाने रहदारी, हवामान, परीक्षा, सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती द्यायला मुभा दिली. बातम्या हव्या असतील तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा लावायच्या. विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५पासून १०७.४वर आहे, पण तिचा पल्ला परिसरापुरता. म्हणजे वर्तमानपत्रं, वाहिन्या आणि मोबाइल यांनी ओसंडणाऱ्या शहरात रेडिओवरची स्थानिक बातमी मात्र एकाच दारातून येते. हे मला लोकशाहीला शोभणारं वाटत नाही. त्या एकुलत्या दारातून सरकारी घोषणा आधी आणि नागरिकांचे हाल नंतर येतात, ही तक्रारही खोटी नाही.

तरीही जून २०२३मध्ये ते दार बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा शहर हललं. पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून इथल्या बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायच्या, असा आदेश निघाला होता. ओरड झाली, आणि तत्कालीन केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. तेव्हा काहींनी विचारलं, बातम्या मराठीतच असणार, मग वाचणारा कुठे बसलाय याने काय फरक पडतो? दिल्लीची मराठी बातमीपत्रं आता मुंबईहून येतात, त्याचं कुणाला काही वाटलं नाही, हेही खरं.

फरक वाचण्यात नाही, निवडण्यात आहे. जुलैच्या अखेरीस खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं भरत येतात. चौघांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. रात्रीतून खडकवासल्याचा विसर्ग वाढला की सकाळी भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, सिंहगड रस्त्याच्या सखल सोसायट्यांत वाहनं हलवायची धांदल उडते. संभाजीनगरात बसलेला संपादक हुशार असला तरी त्या पहाटे त्याच्या टेबलावर जायकवाडी धरणाचं पाणी आधी येणार, आणि ते स्वाभाविकच आहे. शिवाजीनगरातल्या संपादकाला मात्र कार्यालयात येतानाच मुठा नदीचा रंग दिसलेला असतो. हवामान खात्याचं सिमला ऑफिसही त्याच्या शेजारच्याच टापूत आहे. विसर्गाचा आकडा पहिल्या बातमीत घ्यायचा की सहाव्या, हे तो कुणाला न विचारता ठरवतो.

७९२ किलोहर्ट्झ शोधायला आता रेडिओची सुई फिरवावी लागत नाही; 'न्यूज ऑन एअर' ॲपवर पुणे केंद्र निवडलं की झालं. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला तिथे संध्याकाळी पुण्याची सकाळ ऐकता येते. फक्त ॲपवरचा आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे निवेदकाने सांगितलेली वेळ त्यावरून लावू नये. घड्याळ लावायचंच असेल तर अजून जुना ट्रान्झिस्टरच बरा.