पोलीस माल पकडतील, पोराला कोण सोडवणार?

बैठकीत दारूबद्दल आपण मोकळेपणी बोलतो. गांजाचं नाव निघालं की मात्र सगळ्या गप्प. मनात एकच भीती, "पोलिसांका सांगितलां तर झील तुरुंगात जातलो." म्हणून कायदा नेमकं काय म्हणतो ते समजून घेऊया.

हा 1985 चा एनडीपीएस कायदा. यात शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा 1 किलोपर्यंत सापडला तर 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर सापडला तर किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त 20 वर्षं, आणि वर निदान 1 लाख दंड.

याच कायद्यात कलम 64-अ आहे. व्यसनात अडकलेला माणूस फक्त सेवन किंवा थोडा माल बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

मग पोलिसांच्या कारवाईने व्यसन थांबतं का? माल पकडला जातो, हे खरं. ऑगस्ट 2023 मध्ये दापोली किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, ती कस्टमने जप्त केली. पण किनारा लांब, आणि गिऱ्हाईक गावातच राहिलं तर एक विकणारा आत गेल्यावर दुसरा येतो. धाड माल उचलते, पोराची तलफ नाही. त्यासाठी उपचारच हवेत. दोन्ही कामं एकत्र झाली तरच फरक पडतो.

आपण काय करायचं?

• विकणाऱ्याची माहिती 112 किंवा 1933 वर द्या. 1933 ही 2024 पासूनची अमली पदार्थविरोधी हेल्पलाइन आहे, नाव न सांगताही बोलता येतं. कलम 68 प्रमाणे, खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही.

• दारूचे हंडे फोडले तसा हा माल जाळू नका, घरीही आणू नका. पुरावा गेला तर खटला पडतो, आणि माल जवळ बाळगणं हाच गुन्हा. किनाऱ्यावर अनोळखी पाकीट दिसलं तरी हात न लावता 112 ला कळवा.

• घरातल्या पोरासाठी 14446 वर फोन करा. व्यसनमुक्तीचा सल्ला मोफत मिळतो. जवळच्या सरकारी रुग्णालयातही विचारा.

• उपचाराला जाण्यायेण्याच्या खर्चासाठी गटातून अंतर्गत कर्ज देता येईल का, हे पुढच्या बैठकीत ठरवा.

आणि ज्या ताईचा मुलगा यात अडकलाय, तिच्याबद्दल कुजबुज नको. ती लपवत राहिली तर फायदा विकणाऱ्याचाच. तिच्यासोबत एकीने तरी दवाखान्यापर्यंत जावं.