घोडा चावेल, डोळे जातील!

१९०८ सालचं व्हिएन्ना. रस्ते घोडागाड्यांनी गजबजलेले, आणि एक पावणेपाच वर्षांचा मुलगा घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. का? घोडा चावेल म्हणून! सिग्मंड फ्रॉइडनी पुढच्याच वर्षी त्याची हकिकत ‘छोटा हान्स’ या टोपणनावानं छापली आणि हा पोरगा मनोविश्लेषणात अजरामर झाला.

साडेतीन वर्षांचा असताना आईनं त्याला दम भरला होता: शूच्या जागेला हात लावलास तर डॉक्टरांना बोलावून ती कापायलाच लावते. हान्स डगमगला नाही. मग ढुंगणानं शू करीन, असं त्यानं तिथल्या तिथे सुनावलं! पण फ्रॉइडच्या मते धमकी आत खोल जाऊन बसली. आईवर हक्क सांगणाऱ्या धिप्पाड बापाची भीती घोड्यावर सरकली. घोड्याच्या तोंडाभोवतीचं काळं म्हणजे बाबांच्या मिशा आणि डोळ्यांवरची झापडं म्हणजे त्यांचा चष्मा. हीच फ्रॉइडची ‘लिंगच्छेदाची भीती’: अवयव जाईल आणि त्याच्याबरोबर जोरही जाईल.

गंमत म्हणजे उपचार केले बापानंच. या काळात फ्रॉइड मुलाला भेटले फक्त एकदा. शेवटी हान्सनं एक कल्पना रचली. प्लंबर येतो, पकडीनं जुनं काढतो आणि नवं, मोठ्ठं बसवतो. भीती ओसरली!

१९६० मध्ये वोल्पे आणि रॅकमन या वर्तनवादी मानसतज्ज्ञांनी हे सारं धुडकावलं. मुलानं गाडीचा घोडा कोसळताना पाहिला होता, भीतीला तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण आईची धमकीही विसरता येत नाही. बागुलबुवा दाखवून पोरांना गप्प करणाऱ्या आपल्या घरांनी तर मुळीच विसरू नये.

हा हान्स म्हणजे हर्बर्ट ग्राफ. मोठेपणी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक! १९२२ मध्ये तो फ्रॉइडना भेटला, तेव्हा त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं.

डोळे जाण्याची भीतीही फ्रॉइडनी लिंगच्छेदाच्या भीतीच्याच खात्यात टाकली. १९१९ च्या लेखात त्यांनी हॉफमनच्या ‘सँडमॅन’ या कथेचा दाखला दिला. मुलांचे डोळे काढून नेणारा माणूस! केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाचं छाटलेलं डोकंही पुढे त्यांनी याच भीतीशी जोडलं.

मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय यांनी मात्र डाव उलटवला. पुरुषांना बापापेक्षा बाईचीच जास्त धास्ती असते, हे त्यांनी १९३२ मध्ये ठणकावून मांडलं.

आणि कलकत्ता! १९२२ मध्ये तिथे भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी थेट फ्रॉइडना कळवलं, की आमच्या रुग्णांत लिंगच्छेदाची भीती युरोपइतकी तीव्र दिसत नाही. उलट स्त्री होण्याची इच्छा दिसते. फ्रॉइडनी या फरकाची दखल घेतली.

सगळ्यात अचाट प्रकार सिंगापूरचा. १९६७ मध्ये लस टोचलेल्या डुकरांचं मांस खाल्ल्यानं लिंग आक्रसून पोटात जातं, अशी आवई उठली आणि शेकडो पुरुष दवाखान्यांकडे धावले. या आजाराचं नाव ‘कोरो’. डॉक्टरांनी टीव्हीवर येऊन असं होणं शक्यच नाही हे समजावलं, आणि साथ आटोक्यात आली.