घाटापलीकडे खुराडं हलवताना

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे घरच्या कोंबड्या न्यायच्या, तर खरा शत्रू अंतर नव्हे, उकाडा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. तापली की ती चोच उघडून, गळा थरथरवत धापा टाकते आणि श्वासातल्या वाफेवाटे उष्णता बाहेर सोडते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावतं. डालग्यात दाटी असेल आणि गाडी घाटात खोळंबली, तर मधले पक्षी आधी गुदमरतात.

प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांना २००१ मध्ये कोंबड्यांसाठी तरतुदी जोडल्या गेल्या. तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ च्या खाली असेल तर वाहतूक नको, गरमीत दर सहा तासांनी पाणी हवं, नर-मादी एका पेटीत नकोत. मे महिन्यात रत्नागिरीत रात्रीही पारा २५ च्या खाली सहसा उतरत नाही. हिवाळ्यातली पहाटच उत्तम.

पकडायचं काम अंधारात करावं. मंद उजेडात कोंबडीला नीट दिसत नाही, ती शांत बसून राहते. पाय धरून उलटं लटकवणं क्रूर आहे. दोन्ही पंख अंगाशी धरून अलगद उचलावं.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. म्हणून आजारी कोंबडी प्रवासाला काढूच नये, आणि नव्या गावी पोचलेले पक्षी तिथल्या कोंबड्यांपासून दोन-तीन आठवडे तरी वेगळे ठेवावेत.