बारनिशीची पोच

अंबरनाथचे शिवालय शिलाहार राजा मम्वाणी याच्या कारकिर्दीत, शके 982 मध्ये उभे राहिले, हे आज आपण निःशंकपणे सांगतो ते तेथील शिलालेखाच्या आधारे; परंतु त्याच गावातला एखादा रस्ता मागल्या तीन पावसाळ्यांत किती वेळा खोदला गेला, किती वेळा भरला गेला आणि दर खेपेस देयक कोणाच्या नावे निघाले, हे कोणत्याही दगडावर कोरलेले नसते. ते बांधकाम विभागाच्या नस्तीत असते, नस्ती कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली ज्या कारकुनापाशी असते तो बहुधा नुकताच जेवायला गेलेला असतो. या किल्लीला पर्याय म्हणून 12 ऑक्टोबर 2005 पासून, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा अमलात आला त्या दिवसापासून, कोणाही नागरिकाच्या हाती एक कागद आला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या, रेल्वेच्या एकाच फाट्यावर ओळीने वसलेल्या तीन शहरांत लोकप्रतिनिधीला जाब विचारण्याची जी काही परंपरा गेल्या वीस वर्षांत रुजली, तिचे मुख्य उपकरण हा कागदच होय.

उपकरणाची घडण अगदी साधी आहे. जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, खाली सही आणि तारीख. 2012 साली महाराष्ट्र शासनाने नियमांत दुरुस्ती करून असे ठरवले की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि तो दीडशे शब्दांत आटोपावा. हा नियम निबंधलेखकांना लागू नाही हे प्रस्तुत लेखकाचे भाग्यच, एरवी त्याचा अर्ज पहिल्या परिच्छेदातच निकालात निघाला असता.

या दीडशे शब्दांत काय मागावे, ही मात्र अनुभवानेच साधणारी विद्या आहे. नवखा अर्जदार रागाच्या भरात लिहितो की आमच्या गल्लीतला रस्ता इतका वाईट का, आणि त्याला महिन्याभराने उत्तर येते की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर चुकीचे नसते, कारण कायदा अभिलेख देतो, खुलासा देत नाही. मुरलेला अर्जदार ‘का’ हा शब्द कटाक्षाने वर्ज्य करतो. तो कार्यादेशाची साक्षांकित प्रत मागतो, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने मागतो, अंतिम देयक आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागतो. मग हाती मापाची फीत घेऊन त्या गल्लीत जातो, आणि मोजमाप पुस्तिकेतली लांबी व गल्लीतली लांबी यांचा मेळ बसत नसेल तर ‘का’ हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही, तो त्या दोन आकड्यांच्या मधोमध आपोआप उभा राहतो. जे कायदा सांगत नाही ते कायद्याने मिळालेल्या कागदाकडून वदवून घेण्याची ही कला कोणत्याही महाविद्यालयात शिकवली जात नाही. ती सकाळच्या लोकलच्या डब्यात आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

अर्ज बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक नोंदीच्या खिडकीवर, दाखल झाला की त्यावर शिक्का बसून पोच मिळते आणि तेथून तीस दिवस मोजायचे. या मुदतीत जन माहिती अधिकाऱ्याकडून पानामागे दोन रुपये भरण्याचे पत्र यावे, हा सरळ मार्ग. पण आडमार्ग अधिक रुळलेले आहेत. ‘सदर माहिती या विभागाशी संबंधित नाही’ असे सांगून अर्ज दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो, तेथून तिसऱ्याकडे. किंवा अभिलेख आढळून येत नसल्याचे कळवले जाते. किंवा, सर्वांत संक्षिप्त म्हणजे, रकान्यात एकच शब्द येतो, ‘निरंक’. मराठी कारकुनीने घडवलेल्या शब्दांत याच्याइतका निर्विकार शब्द दुसरा नसेल. त्यानंतर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठापुढे. आणि तेथेही निभाव लागला नाही तर नव्वद दिवसांच्या आत द्वितीय अपील, राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठापुढे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजार, अशी शास्ती कायद्यात आहे. पण खंडपीठापुढे पाळी येईपर्यंत पुष्कळदा अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि रस्ता पुन्हा एकदा नवा झालेला असतो.

प्रतिनिधी हा मुखत्यार आहे, मालक नव्हे, ही कल्पना आपल्याकडे मतपेटीहून जुनी आहे. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदाला किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागत असे, आणि अशा 95 सभासदांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. त्या सभेचा आरंभही पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून झाला होता, म्हणजे हिशेब मागण्यातूनच. पुढे स्वराज्य आले, प्रौढ मताधिकार आला, आणि मुखत्यारपत्र देणारा सही करून घरी जाऊन निजला. अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा 2003 साली अमलात आला आणि दोन वर्षांनी केंद्राचा आला. तेव्हा त्या निजलेल्याला निदान कूस वळवण्याची सोय झाली.

उल्हासनगरात या कागदाला जो अर्थ प्राप्त झाला तो समजण्यासाठी त्या शहराचा जन्म ध्यानात घ्यावा लागतो. महायुद्धकाळातील कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले; तरी ‘कॅम्प नंबर 4’ ही भाषा आजही पत्त्यावर कायम आहे. जागेचा हक्क सनदेने मिळाला, आणि सनदेत लिहिलेले क्षेत्र व प्रत्यक्षात व्यापलेले क्षेत्र यांतील अंतरावरच या शहराचे निम्मे राजकारण पोसले गेले. 2005 च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 855 अनधिकृत इमारतींवर हातोडा पडण्याची वेळ आली, तेव्हा राज्य शासनाने 2006 साली खास उल्हासनगरपुरता नियमितीकरणाचा कायदा केला. एका शहरासाठी एक स्वतंत्र कायदा! 2021 च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, तेव्हा बांधकाम परवानगी आणि संरचना तपासणी हे शब्द, जे तोवर केवळ अर्जदारांच्या तोंडी असत, ते घराघरांत बोलले जाऊ लागले.

येथे एक कलम सांगितलेच पाहिजे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 मध्ये अशी तरतूद आहे की स्वतः, पतीपत्नीपैकी कोणी किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केले, अथवा असे बांधकाम पाडण्याच्या कामात अडथळा आणला, तर नगरसेवकाचे पद जाऊ शकते. अनधिकृत बांधकामाबद्दल असेच शासन नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात कलम 44 खाली आहे. म्हणजे बांधकाम परवानगीच्या नोंदवहीची एक प्रत आणि निवडणुकीच्या वेळी उमेदवाराने दिलेले मालमत्तेचे शपथपत्र, एवढे दोन कागद शेजारी ठेवले की पाच वर्षे वाट न पाहताही प्रतिनिधीला घाम फोडता येतो. मतदाराला प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क आपल्या विधानसभेच्या बाबतीत नाही. पण नगरसेवकाच्या बाबतीत नोंदवही तो हक्क आडून देते.

आमदारापर्यंत पोचणे अधिक वळणाचे. ही तीन शहरे एकाच नदीच्या खोऱ्यात असली, आणि वालधुनी नदी अंबरनाथचे रासायनिक सांडपाणी पक्षपात न करता उल्हासनगरला पोचवीत असली (2014 च्या नोव्हेंबरअखेर टँकरने ओतलेल्या रसायनामुळे तिच्या काठचे शेकडो रहिवासी रुग्णालयात गेले होते), तरी विधानसभेत तिघांची तोंडे तीन दिशांना: उल्हासनगर व अंबरनाथ यांचे आपापले मतदारसंघ, आणि बदलापूर मात्र मुरबाडात, लोकसभेला पहिली दोन कल्याणात, तर बदलापूर भिवंडीत. आमदाराच्या स्थानिक विकास निधीचा, जो 2022 पासून वर्षाला पाच कोटी रुपये आहे, हिशेब मागायचा तर अर्ज ठाण्याला जिल्हा नियोजन कार्यालयाकडे करावा लागतो. मग कोणत्या सभामंडपाला किती आणि कोणत्या व्यायामशाळेला किती, ही यादी हाती येते आणि त्यातला सभामंडप शोधण्यासाठी रविवार खर्ची पडतो.

परंतु या कागदाची खरी कसोटी लागली ती प्रतिनिधी चुकले तेव्हा नव्हे, तर प्रतिनिधी नाहीसे झाले तेव्हा. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांची मुदत 2020 च्या मे महिन्यात संपली, उल्हासनगर महानगरपालिकेची 2022 च्या एप्रिलात. आणि पुढे प्रथम साथीमुळे, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादामुळे निवडणुका लांबत जाऊन, सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी फर्मावल्यावर कोठे त्या पहिल्या दोन शहरांत 2025 च्या डिसेंबरात आणि उल्हासनगरात 2026 च्या जानेवारीत पार पडल्या. साडेपाच वर्षे बदलापूरकराला नगरसेवक नव्हता. सर्वसाधारण सभा नाही, लक्षवेधी नाही, विरोधी पक्षनेता नाही. प्रशासकाने ठराव मांडायचा आणि प्रशासकानेच मंजूर करायचा. माजी नगरसेवक मिरवत होते, उद्घाटनाच्या फलकांवर झळकत होते, पण उत्तरदायी कोणीच नव्हते. त्या काळात बारनिशीची खिडकी मात्र उघडी राहिली, आणि सभागृहात जे प्रश्न मतदारांच्या वतीने विचारले जायला हवे होते ते लोकांनी दहा दहा रुपये मोजून स्वतःच विचारले. प्रतिनिधीचे काम हौशी माणसाने केल्याचे असे उदाहरण राज्यशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखे आहे.

हौशी म्हटले खरे, पण सगळेच हौशी नसतात. अर्ज टाकायचा, बांधकाम व्यावसायिकाला त्याची पोच दाखवायची आणि तोडपाणी करून अपील सोडून द्यायचे, हाही एक धंदा आहे. जेथे अनधिकृत मजले मुबलक तेथे तो विशेष बरकतीत चालतो, आणि त्याने प्रामाणिक अर्जदाराचे जितके नुकसान केले तितके कोणत्याही मुजोर कारकुनाने केले नसेल, कारण आता प्रत्येक अर्जदाराकडे ‘याला किती हवेत’ अशा नजरेने पाहिले जाते. प्रामाणिकांच्या वाट्याला दुसरेच येते. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असता हत्या झाली. ते नाव या तीन शहरांतल्या अर्जदारांच्या घरी, विशेषतः त्यांच्या पत्नींच्या तोंडी, आजही निघते.

आणि आता कागदाचीच धार बोथट होते आहे. मूळ कायद्यातील कलम 8 मध्ये, वैयक्तिक माहितीच्या अपवादाशेजारी, असे एक परंतुक होते की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. सामान्य माणसाला आमदाराच्या बरोबरीने पाटावर बसवणारे ते वाक्य 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने गाळले गेले. लोकहिताचा दुसरा आधार कायद्यात अजून शिल्लक आहे, पण तो सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारात अर्जदाराच्याच खांद्यावर येणार, आणि कंत्राटदाराचे नावदेखील वैयक्तिक माहिती आहे असे ज्या दिवशी एखाद्या जन माहिती अधिकाऱ्याला सुचेल त्या दिवशी ‘निरंक’ला एक भारदस्त भाऊ लाभेल.

तूर्त नवे नगरसेवक निवडून आले आहेत, आणि निवडणूक शपथपत्रांच्या प्रती जमवणे सुरू आहे. बारनिशीच्या खिडकीशी दुपारी दोननंतर गर्दी ओसरते, हे जाणणारे एखादे निवृत्त गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीतून अर्जाच्या दोन प्रती काढतात, एक आत सरकवतात, आणि दुसरीवर शिक्का नीट उमटला नाही, तारखेतला महिना पुसट आहे, असे सांगून तो पुन्हा मारून घेतात.