शाळा, मशीद आणि २०० मीटर
खालापुरात महामार्गालगत लॉज वाढले, कर्जतकडे फार्महाऊस. एखाद्या जागेविषयी कुजबुज झाली की आम्ही शिक्षक-पालक मुलांना रस्ता बदलायला सांगतो आणि गप्प बसतो. हे पुरेसे नाही.

कुंटणखाना चालवणे १९५६ च्या ‘पिटा’ कायद्याने कुठेही गुन्हाच. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षे सक्तमजुरी. मशीद, मंदिर, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांपासून २०० मीटरच्या आत तो असेल, तर दंडाधिकारी मालकाला ७ दिवसांची नोटीस देऊन जागा रिकामी करवू शकतात. तेव्हा तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

मात्र आत सापडलेल्या बाईची बदनामी नको. धाडीत तिला अटक वा त्रास होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. तीही कुणाची लेक. जाब विचारायचा तो अड्डा चालवणाऱ्याला.